वकीलसाहेब येऊन राहिले

रायपूरजवळच्या भनपुरीतल्या प्रत्येक ट्रान्सपोर्ट कंपनीत एक माणूस असा असतो, ज्याच्या कामाचं नाव कुठल्या पाटीवर नसतं. गाडी कुठे धडकली, पोलिसांनी धरली, ठाण्याच्या आवारात जमा झाली, की मालक पहिला फोन त्याला करतो. तो ठाण्यात जातो, तिथल्या कारकुनाशी, मुन्शीशी, बोलतो, कागद जमवतो, वकिलाच्या घरी पोचवतो, तारखेला कोर्टात उभा राहतो आणि गाडी सुटली की ड्रायव्हरच्या हातात किल्ली देऊन घरी येतो. कचेरीत, म्हणजे कोर्टाच्या आवारात, अशा माणसाला पैरोकार म्हणतात. गौतम रामटेके एकवीस वर्षं पैरोकार होता.

त्याचे आजोबा भंडाऱ्याकडून आले, वडील रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर झाले, आणि गौतमने बी.कॉम. केलं. १९९९ साली शेहेचाळीस टक्के मिळवून तो घरातला पहिला पदवीधर ठरला आणि पुढच्याच वर्षी इंद्रजीतसिंगांच्या कंपनीत लागला. लागला तो बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, फाडायला. पण तिसऱ्याच महिन्यात एक गाडी बिलासपूर रस्त्यावर अडकली, नेहमीचा माणूस आजारी होता, आणि सरदारजींनी त्याला पाठवलं. गौतम संध्याकाळी गाडी घेऊनच परतला. त्यानंतर त्याला बिल्ट्या कोणी फाडू दिल्या नाहीत.

त्याच्या खांद्यावर कायम एक कापडी पिशवी असे. तिच्यात स्टेपलर, कागदाला भोकं पाडायचा पंच, फाइल बांधायच्या लाल लेस, डिंक, शाईचा पॅड, कोर्ट फीची तिकिटं आणि फुटाण्यांची पुडी. कचेरीत वाट पाहणं हेच निम्मं काम, म्हणून फुटाणे. वकिलाला तिकीट लागलं, लेस लागली, की सगळे गौतमकडे हात करत. तारखेला पुकारा झाला आणि वकील दुसऱ्या कोर्टात असला, तर गौतम दोन पावलं पुढे येऊन, हात जोडून एकच वाक्य बोले, "साहब, वकील साहब आ रहे हैं, पासओवर दे दीजिए." म्हणजे प्रकरण थोडं मागे ठेवा. हे वाक्य त्याने आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल, ते मोजण्यात अर्थ नाही. झोपेत हलवलं तरी म्हटलं असतं.

वकील होण्याचा विचार त्याला कधी शिवला नव्हता. तो शिवला एका टोमण्यामुळे, आणि टोमणा मारणाऱ्याला तो टोमणा वाटलाही नसेल. २०२१ सालची गोष्ट. कंपनीच्या नेहमीच्या वकिलांना बरं नव्हतं, त्यांनी एका नव्या मुलाला उभं केलं. त्याने फाइल उघडलीही नव्हती. न्यायाधीश विचारत, गाडीचं परमिट कुठलं, गौतम मागून पुटपुटे, "नॅशनल." फिटनेस कधीपर्यंत? "मार्च." जखमी कुठे दाखल? "सुटी झाली, मंगळवारी." चार-पाच प्रश्न असे झाल्यावर न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "आप पीछे से मत बोलिए. बोलना है तो कोट पहनकर आगे आइए."

सगळे हसले. गौतमही हसला. पण घरी येऊन जेवताना त्याने ते बायकोला सांगितलं. पद्मिनी सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स. दिवसभर डॉक्टरांच्या मागे उभं राहून त्यांना पेशंटचं नाव सांगण्याचा तिलाही अनुभव होता.

"मग घाला ना कोट," ती म्हणाली.

"या वयात? त्रेचाळीस झाले मले."

"वयाची अट हाय का?"

"नाही म्हणतेत."

"मग काहून बसून राहिले? माहा पगार हाय. पोरीचं शिक्षण झालं. भाजी घ्या."

गौतमने भाजी घेतली, आणि विषय तिथेच ठरला.

इंद्रजीतसिंगांना सांगणं त्याहून अवघड होतं. कायद्याचा नियमित अभ्यासक्रम आणि पूर्ण वेळची नोकरी एकत्र चालत नाही, म्हणजे राजीनामा आला. सरदारजींनी ऐकून घेतलं. "ओए गौतम, वकील तो मैं तुझे हर महीने नया देता हूँ. तू खुद काहे को बनता है?" मग कंपनीचा छापील कागद काढून त्यांनी स्वतः अनुभवाचा दाखला लिहिला. त्यात लिहिलं की गौतम रामटेके यांना कोर्टकामाचा एकवीस वर्षांचा अनुभव आहे, त्यांनी तीनशेच्या वर गाड्या सोडवल्या आहेत, आणि असा माणूस दिवा घेऊन शोधला तरी मिळणार नाही. खाली सही, आणि कंपनीचे दोन शिक्के, कारण एकाने त्यांचं समाधान होईना.

हा दाखला गौतमने प्लास्टिकच्या कव्हरात घालून प्रवेशाच्या अर्जावर सगळ्यात वर लावला. कॉलेजच्या खिडकीतल्या बाबूने तो वाचला, परत कव्हरात घातला आणि बाजूला काढून ठेवला.

"ये नहीं लगेगा."

"एकवीस साल का है, भैया."

"होगा. फॉर्म में इसका कॉलम ही नहीं है. ग्रॅज्युएशन की मार्कशीट दीजिए."

मार्कशीट बावीस वर्षांची होती. गौतमने काय काय केलं हे त्या कागदाला माहीत नव्हतं. एकवीस वर्षं तो ज्या कचेरीच्या पायऱ्या चढला होता, तिथला कायदा शिकण्याच्या दारात त्याची किंमत शेहेचाळीस टक्के होती. दुसऱ्या यादीत त्याचं नाव लागलं, खालून चौथं.

वर्गात साठ मुलं. त्यांत काहींचे वडील गौतमच्याच वयाचे. पहिल्या दिवशी तो आत शिरला तेव्हा मुलं उभी राहिली, त्यांना वाटलं सर आले. त्यानंतर तीन वर्षं तो सगळ्यांचा "अंकल" होता. त्याच्या बाकावर शेजारी बसायची अनुश्री डबीर, तेलीबांध्याची. घरी आजी मराठी बोले, ती हिंदीत उत्तर देई, आणि गौतमशीही तिचं तसंच जमलं.

पहिल्या सत्राचा निकाल लागला. गौतम एका विषयात नापास. प्रश्न होता निष्काळजीपणाबद्दल. त्याने अडीच पानं लिहिली होती: अपघात झाल्यावर आधी ठाण्यात जावं की दवाखान्यात, डॉक्टरी अहवालाची नक्कल कोणत्या खिडकीवर मिळते, पंचनाम्यात अंतर पावलांनी लिहिलं असेल तर काय करावं. सगळं खरं. ऐंशीपैकी एकोणीस.

अनुश्रीने पेपर वाचला आणि डोक्याला हात लावला. "अंकल, ये सब सही है. लेकिन धारा कहाँ है?" म्हणजे कायद्याचं कलम.

"धारा तर वकील सांगतेत ना."

"वकील कौन बन रहा है?"

गौतमने पेन काढलं.

"पहले धारा. फिर उसकी शर्तें. फिर अपनी कहानी. कहानी सबसे आखिर में," ती म्हणाली, आणि लहान मुलाला पाढे म्हणायला लावावे तसं तिने त्याच्याकडून ते तीनदा म्हणवून घेतलं.

बदल्यात तिला त्याने जे शिकवलं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. फाइलला लेस कशी बांधायची की न्यायाधीशांना पान उलटताना सोडावी लागू नये. पानांचे आकडे खालच्या उजव्या कोपऱ्यात का घालायचे. न्यायाधीशांच्या कारकुनाला, पेशकाराला, कागद देताना नाव आधी सांगायचं की तारीख. एकदा ती म्हणाली, "अंकल, बाहर के देशों में फॉर्म में ही पूछते हैं कि पहले क्या काम किया. वहाँ तो आपको पहली लिस्ट में लेते."

"तिथं भनपुरी नसंन ना पण," गौतम म्हणाला. "तिथं मी काय केलो असतो?"

२०२४ मध्ये दोघं पास झाली. वकिलीच्या सनदेसाठी बिलासपूरला, वकिलांच्या परिषदेच्या कचेरीत गेला तेव्हा गौतमने तो दाखला पुन्हा सोबत नेला. कॉलेजला नसेल गरज, इथे तर वकिलांचंच काम आहे, इथे कोणीतरी वाचेल. वाचला. टेबलावरच्या माणसाने तो नीट, दोन्ही शिक्क्यांसकट वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं. "तो आप नौकरी में हैं?" दाखल्यात एकवीस वर्षांचा अनुभव होता, गौतमची थोरवी होती, पण नोकरी सोडल्याचा उल्लेख सरदारजींना सुचलाच नव्हता. नोकरीतल्या माणसाला सनद मिळत नाही. गौतम पुढची गाडी धरून रायपूरला आला, भनपुरीला गेला, आणि "हे आता आमच्याकडे नाहीत" असं लिहून घेतलं. ते वाक्य लिहायला सरदारजींना पूर्ण दाखल्याहून जास्त वेळ लागला.

ब्राह्मणपाऱ्यातले चारुदत्त जोगळेकर यांच्याकडे गौतम वर्षानुवर्षं फाइली पोचवत आला होता. आता त्यांच्याचकडे ज्युनियर म्हणून गेला. जोगळेकरसाहेबांच्या बैठकीत दाराजवळ एक स्टूल होतं. गौतम पैरोकार असताना तिथे बसायचा. सनद मिळाल्यावर पहिल्या दिवशी साहेबांनी टेबलासमोरची खुर्ची दाखवली. गौतमने 'हव' म्हणत मान डोलावली आणि स्टुलावर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी आला तर स्टूल जागेवर नव्हतं. साहेबांनी ते आत देवघरात ठेवून दिलं होतं. नाइलाजाने तो खुर्चीवर टेकला, अर्धा.

"नीट बस," साहेब म्हणाले. "आणि एक ऐक. तू जन्मभर पळालास. हा कागद आण, तो शिक्का आण. पळण्यात तुझा हात कोणी धरणार नाही. पण आता तुला उभं राहायला शिकायचंय. वकील पळाला की पक्षकार घाबरतो."

वर्षभर गौतम साहेबांच्या मागे उभा राहिला. मसुदे लिहिले, नकला आणल्या. स्वतः बोलण्याची वेळ आली की घसा खाकरायचा आणि साहेबांकडे बघायचा. साहेब कागदांत डोकं घालत. ते वाट पाहत होते.

मग नोव्हेंबरात भैय्यालाल आला.

भैय्यालाल साहू कंपनीचा जुना ड्रायव्हर. अठरा वर्षं दुसऱ्याची गाडी चालवून त्याने एक जुना दहाचाकी ट्रक स्वतःच्या नावावर केला होता. सिलतऱ्याच्या वळणावर त्याच्या ट्रकचा एका मोटारसायकलला धक्का लागला, चालवणाऱ्याचा पाय मोडला, ट्रक ठाण्यात जमा झाला. भैय्यालालला जामीन मिळाला, ट्रकला मिळाला नव्हता. आणि पंधरा तारखेपासून धानाची उचल सुरू होणार होती. सोसायट्यांमधून धान गिरण्यांवर नेण्याचं काम जेमतेम अडीच महिने चालतं, ज्याची गाडी पहिल्या दिवशी रांगेत लागली त्याला काम, बाकीच्यांना वर्षभर इकडची तिकडची भाडी. भैय्यालालच्या वर्षाची सगळी भिस्त त्या अडीच महिन्यांवर होती.

साहेबांनी वकालतनामा पुढे केला. भैय्यालालने सही करायच्या आधी वरचं नाव वाचलं आणि गौतमकडे बोट केलं. "एकर नाव लिखव."

"मी नवीन हाय, भैय्यालाल. साहेबाले करू दे."

"मोर गाड़ी ल तो हमेसा तहीं छोड़ाए हस. वकील कोन रिहिस, मोला काय मालूम."

आपली गाडी दर वेळी गौतमच सोडवतो, वकील कोण होता ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं. जोगळेकरसाहेबांनी चष्मा पुसला, वरचं नाव खोडलं, बाजूला छोटी सही केली आणि गौतमचं नाव लिहिलं. "आता हे तुझं," ते म्हणाले. "मी येणार नाही."

सात तारखेचा शुक्रवार. मॅजिस्ट्रेट मॅडम, वय फार तर तिशीचं, सोमवारपासून पंधरा दिवस प्रशिक्षणाला जाणार होत्या, आणि त्या दिवशीही चार वाजता त्यांना एका बैठकीला निघायचं होतं. म्हणजे आज नाही तर उचल सुरू होऊन गेल्यावर. पद्मिनीने कोटाला इस्त्री केली, गळ्यातल्या पांढऱ्या बँडची गाठ स्वतः बांधली, पिशवी मात्र घरी ठेवायला सांगितली. गौतमने ती घेतलीच.

अकराच्या सुमारास पुकारा झाला. "भैय्यालाल साहू."

गौतम पुढे झाला. दोन पावलं. हात आपोआप जुळले आणि तोंडातून स्वच्छ, खणखणीत आवाजात निघालं, "मैडम, वकील साहब आ रहे हैं, पासओवर दे दीजिए."

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग मागच्या बाकावरून कोणीतरी फिसकलं, आणि सगळी खोली हसू लागली. पेशकाराने तोंडावर फाइल धरली. मॅडमनी गौतमचा कोट पाहिला, बँड पाहिला, खांद्यावरची पिशवी पाहिली.

"अच्छा," त्या म्हणाल्या. त्यांनाही हसू आवरत नव्हतं. "तो वकील साहब आ जाएँ, तब पुकारेंगे." आणि फाइल खालच्या गठ्ठ्यावर गेली.

गौतम बाहेर व्हरांड्यात आला. कान तापले होते. भैय्यालालने त्याच्याच पिशवीतून फुटाण्यांची पुडी काढली आणि गौतमच्या हातावर थोडे ठेवले. अनुश्री, आता तीही इथेच वकील, शेजारच्या कोर्टातून ऐकून धावत आली होती. बातम्या कचेरीत जिना उतरायच्या आधी पोचतात.

"अंकल, सच में बोल दिया?"

"निंघालं तोंडातून."

"चलिए, अब तो सबको पता है कि आप आने वाले हैं," ती म्हणाली, आणि गौतमला पहिल्यांदा हसू आलं.

दुपारी दोन वाजता त्याने काही खाल्लं नाही, फक्त चहाच्या ठेल्यावर उभा राहिला. तिथे भैय्यालालचा ट्रक जमा होता त्या ठाण्याचा शिपाई चहा पीत होता, शुक्रवारचं टपाल आणणारा. गौतमने त्याला रामराम केला. शिपायाच्या खांद्यावरच्या खाकी पिशवीकडे गौतमची नजर सवयीने गेली. पिशवी रिकामी, चपटी लोंबत होती. गौतमने ते पाहिलं आणि चहा संपवला.

साडेतीन वाजून गेले तेव्हा प्रकरण पुन्हा पुकारलं. गौतम उभा राहिला. या वेळी त्याने हात पाठीमागे धरून ठेवले.

मॅडमनी विचारलं, "आ गए वकील साहब?"

"जी, आ गए."

सरकारी वकील उठले. ठाण्याचा अहवाल आलेला नाही, अहवालाशिवाय गाडी सोडता येत नाही, पुढची तारीख द्यावी, एवढं सांगून बसले. त्यात चूक काही नव्हती. मॅडमनी कॅलेंडरकडे हात नेला. भैय्यालालने दाराची चौकट धरली.

गौतमचे पाय शिवशिवले. अहवाल कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं. शिपायाची पिशवी रिकामी म्हणजे टपाल, आणि त्यातच अहवाल, इमारतीत पोचलं होतं. ते आता खाली, ठाण्यांचे कागद कोर्टात पोचवणाऱ्या मोहर्रिरच्या खोलीत, आज अजून वाटणी न होता पडून असणार. एकवीस वर्षांत अशा वेळी तो वळलाच असता, आणि चार मिनिटांत कागद घेऊन आला असता. पण आज तो पळाला तर इथे उभं राहायला कोणी नव्हतं.

"मैडम," तो म्हणाला, "प्रतिवेदन इसी इमारत में है. मोहर्रिर के पास. पाँच मिनट दे दीजिए."

"आपको कैसे पता?"

"डाकवाला सिपाही दो बजे ठेले पर था. उसका थैला खाली था."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. "पाँच मिनट. तब तक आप बोलिए. खाली मत खड़े रहिए."

गौतमने मागे पाहिलं. अनुश्री दारातच होती. तिने मान हलवून विचारलं, कुठे. तो हळू आवाजात भराभर म्हणाला, "खाली, जिन्याच्या उजव्या हाताची खोली. मिशीवाला दुबे. कागद मागू नको, तो तुले देणार नाही. मॅडम वाट पाहून राहिल्या म्हण, अन् त्यालेच घेऊन ये."

ती पळाली. तिच्या चपलांचा आवाज जिन्यावर विरेपर्यंत गौतमने ऐकला, आणि मग समोर वळला.

त्याने घसा खाकरला. सवयीने डावीकडे पाहिलं, तिथे जोगळेकरसाहेब नव्हते. आधी धारा, मग शर्ती, मग गोष्ट. त्याने धारा सांगितली. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. मग शर्ती: गाडीचे कागद पूर्ण, मालकी निर्विवाद, तपासणी झालेली, गाडी पुन्हा कोर्टात हजर करण्याची हमी. वाहनं ठाण्यात कुजत ठेवू नयेत असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटल्याचं त्याने सांगितलं, आणि निकालाची प्रत पुढे केली. ती नीट लेसने बांधलेली होती, पान न सोडता उलटत होतं.

"और?" मॅडम म्हणाल्या. अजून तीन मिनिटं होती.

आता गोष्ट उरली होती. ती सांगायला गौतमला कुणाकडे बघावं लागलं नाही.

"मैडम, गाड़ी खड़ी करके नहीं रखी जाती. खड़ी गाड़ी चलती गाड़ी से जल्दी मरती है. पहले बैटरी बैठती है. फिर टायर जिस जगह टिके हैं, वहाँ चपटे होते हैं, बाद में उसी जगह से फटते हैं. बारिश का पानी टंकी में जाता है. इसमें थाने की गलती नहीं, दो सिपाही और चालीस गाड़ियाँ, कौन देखेगा. छब्बीस दिन हुए हैं. इस गाड़ी को अभी मिस्त्री एक दिन में चला देगा. दो महीने बाद नहीं चलेगी, तब आपका आदेश होगा और गाड़ी नहीं होगी."

सरकारी वकील हसत म्हणाले, "वकील साहब तो मिस्त्री निकले."

"नहीं सर," गौतम म्हणाला, "पैरोकार था."

या वेळी कोणी हसलं नाही.

इतक्यात दारात अनुश्री आली, धापा टाकत, आणि तिच्या मागून कपाळाचा घाम पुसत मिशीवाला दुबे, छातीशी टपालाचा गठ्ठा धरून. त्याने तिथेच गठ्ठा सोडला. पाचवा की सहावा कागद भैय्यालालच्या ट्रकचा होता. ठाण्याची हरकत नव्हती. चार वाजायला सात मिनिटं असताना मॅडमनी आदेश सांगितला आणि पेशकाराने तो उतरवून घेतला. उठताना त्या गौतमकडे बघून म्हणाल्या, "अगली बार समय पर आइएगा, वकील साहब."

जामीनकागद, सह्या, शिक्के, यात साडेपाच झाले. आदेशाची नक्कल हातात आल्यावर गौतम खिडकीजवळच्या उजेडात गेला. असे शेकडो आदेश त्याने वाहून नेले होते, पण नजर नेहमी गाडीच्या नंबरवर जायची, तेवढा बरोबर असला की झालं. आज त्याने पहिली ओळ वाचली. आवेदक की ओर से श्री गौतम रामटेके, अधिवक्ता. त्याने ती दोनदा वाचली, मग सवयीने नंबरही तपासला.

शनिवारी सकाळी अनुश्रीचा फोन आला. नक्कल भैय्यालालकडे द्या, गाडी आणायला पक्षकार जातो, वकील जात नाही, हे तिने समजावून सांगितलं. गौतमने सगळं ऐकलं, हव म्हटलं, आणि दहा वाजता पिशवी खांद्याला लावून ठाण्यात पोचला. पद्मिनीने शनिवार असूनही कोट घालायला लावला होता.

मुन्शी आवारात खुर्ची टाकून उन्हात बसला होता. वीस वर्षांची ओळख. त्याने कागद घेतला, शिक्का पाहिला आणि फाटकाकडे मान वळवली.

"अरे गौतम भैया. बहुत दिन बाद. वकील साहब साथ में नहीं आए?"

"आ गए हैं," गौतम म्हणाला. "आप जप्ती की सूची निकालिए. पहले बैटरी देखेंगे, फिर स्टेपनी, फिर टायर के नंबर."

मुन्शीने एकदा कोटाकडे पाहिलं, खुर्चीतून उठला, आणि सूची आणायला आत गेला.

ट्रक भिंतीलगत धुळीत उभा होता. भैय्यालालने बॉनेटवर हात ठेवला. गौतम मागच्या चाकापाशी गेला, वाकू लागला.

"कोट मइला हो जाही, भैया," भैय्यालाल म्हणाला.

गौतमने कोट काढून त्याच्याकडे दिला आणि गुडघ्यावर बसून टायरवरची धूळ अंगठ्याने पुसत नंबर वाचू लागला. भैय्यालाल शेजारी उभा राहिला. आपल्या सदऱ्याचं तेल लागू नये म्हणून त्याने तो कोट दोन्ही हातांनी अंगापासून लांब धरला होता, आणि दहाही चाकं तपासून होईपर्यंत तसाच धरून ठेवला.